धुऊन वापरायचा ऑइल फिल्टर: घ्यावा का, आणि घेतलाच असेल तर कसा सांभाळावा

ॲल्युमिनियमच्या कातीव डब्यात स्टेनलेस स्टीलची चुणीदार जाळी. एकदा घ्या आणि गाडी भंगारात जाईपर्यंत धुऊन वापरा, अशी या फिल्टरची जाहिरात असते. उत्तर आधीच देऊन टाकतो: रोजच्या वापरातल्या स्विफ्ट, वॅगन-आर, इको किंवा बोलेरोसाठी हा फिल्टर घेऊ नका. त्यात पैसे वाचत नाहीत आणि तेलही कागदी फिल्टरइतकं बारीक गाळलं जात नाही. काही अपवाद आहेत, ते पुढे येतील. ज्यांनी फिल्टर आधीच घेतलाय त्यांच्यासाठी धुण्याची पद्धत सविस्तर दिली आहे, कारण हा फिल्टर खराब होतो तो बहुतेक वेळा धुतानाच.

आधी हिशेब

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगितलेलं असतं. छोट्या पेट्रोल गाडीचा कागदी फिल्टर शंभर-दीडशे रुपयांत येतो, डिझेल एसयूव्हीचा साधारण ३०० ते ७०० रुपयांत. मोटारीचा चांगला जाळीचा फिल्टर परदेशात १०० ते २०० डॉलरला मिळतो. कुरिअर आणि कस्टम ड्युटी भरून तो दापोलीला किंवा कणकवलीला घरी येईपर्यंत पंधरा हजारांच्या आसपास जातो. एवढ्या पैशांत दीडशे रुपयांचे शंभर कागदी फिल्टर येतात. वर्षाला एक धरला तर शंभर वर्षं पुरतील.

वडापवाल्याचं गणित वरवर बरं दिसतं. वर्षाला ६०,००० किलोमीटर, म्हणजे सहा फिल्टर. चारशेचा एक धरला तर २,४०० रुपये. सहा-सात वर्षांत पैसे फिटले असं वाटेल, पण त्यात धुण्याचा खर्च धरलेला नाही. प्रत्येक धुण्याला निदान अर्धा लिटर टर्पेंटाइन किंवा डिझेल वाया जातं, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) नवी लागते आणि जाळी वाळेपर्यंत गाडी उभी राहते. छोट्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत तर एका धुण्याच्या खर्चात नवा कागदी फिल्टर येतो. जाहिरातीत हे गणित कधीच नसतं.

गाळणं म्हणजे नेमकं काय

क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगमधली फट साधारण २० ते ५० मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि चालत्या इंजिनात तेलाचा थर सर्वांत पातळ असतो तिथे तो काही मायक्रॉनच भरतो. त्यामुळे सर्वांत जास्त झीज करतात ते ५ ते २० मायक्रॉनचे कण. ते फटीत शिरण्याइतके लहान असतात आणि तेलाच्या थराहून जाड. मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या जाळ्या बहुधा २५ ते ३५ मायक्रॉनच्या असतात. हे कण त्यातून बिनदिक्कत पार होतात.

कागद वेगळ्या रीतीने काम करतो. त्यात तंतूंचं जंगल असतं आणि कण पृष्ठभागावर न अडकता आत खोलवर अडकतो. त्यामुळे साधा कागदी फिल्टरसुद्धा २० मायक्रॉनच्या कणांचा बराच मोठा वाटा पकडतो आणि १० मायक्रॉनच्या कणांतलेही काही पकडतो. सिंथेटिक तंतूंचे चांगले फिल्टर २० मायक्रॉनला ९९ टक्क्यांपर्यंत जातात. नुसत्या 'मायक्रॉन' या शब्दावर विकणाऱ्यांपासून सावध राहा: आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत अमुक मायक्रॉनला किती टक्के, असा आकडा छापलेला असेल तरच त्याला अर्थ आहे. 'नॉमिनल ३० मायक्रॉन' एवढंच लिहिलं असेल तर त्याहून मोठे कणही सुटत असणार, असं समजा.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नवा फिल्टर सर्वांत कमी गाळतो. थोडा मळ साचला की भोकं अरुंद होतात आणि गाळणं सुधारतं. तुम्ही जाळी धुता तेव्हा दर वेळी तिला पुन्हा त्या पहिल्या, सर्वांत ढिल्या स्थितीत आणून ठेवता.

'जाळीतून तेल जास्त वाहतं' हा विक्रेत्यांचा दुसरा मुद्दा. ऑइल पंप इंजिनच्या फेऱ्यांनुसार ठरावीक तेल ढकलतोच. फिल्टर फार चोंदला किंवा तेल फार घट्ट झालं तरच फिल्टरमुळे फरक पडतो आणि तेव्हाही बायपास व्हॉल्व्ह उघडून तेल पुढे जातंच (तो साधारण ८ ते २२ पीएसआय दाबाच्या फरकाला उघडतो). हा फायदा उणे तापमानाच्या देशांतला आहे. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा १५ अंशांखाली जात नाही. तिथे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० तेल घट्ट होण्याचा प्रश्नच येत नाही.

मग जाळीत काहीच चांगलं नाही का?

आहे. कागद पाणी शोषून फुगतो, जाळी फुगत नाही. ज्या गाड्या चाकरमान्यांच्या घरी गणपती ते शिमगा अंगणात उभ्या असतात, त्यांच्या तेलात बाष्पाचं पाणी साठतं. तिथे जाळी कागदाहून जास्त तग धरते. जाळी कागदासारखी सहज फाटतही नाही, आणि उघडली की मेस्त्रीला धातूचा चुरा लगेच दिसतो.

जाळी आपल्या मेस्त्र्यांना नवीनही नाही. ॲक्टिवाच्या इंजिनात धुऊन परत बसवायची चाळणीच असते. जुन्या स्प्लेंडरमध्ये चाळणीच्या जोडीला सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, तोही उघडून पुसायचा. पण त्या चाळणीचं काम पंपाला मोठ्या कचऱ्यापासून वाचवणं एवढंच आहे, आणि ती इंजिनं तशीच आखलेली आहेत. त्यावरून चार सिलिंडरच्या टर्बो डिझेललाही चाळणी चालेल असा अर्थ काढू नये. टर्बोच्या बेअरिंगला स्वच्छ तेल सर्वांत आधी लागतं.

अपवाद असे: ज्या जुन्या किंवा परदेशी गाडीचा फिल्टर बाजारात मिळतच नाही, रॅलीची गाडी, जिचं ऑइल दर काही शे किलोमीटरला बदललं जातं आणि प्रत्येक वेळी चुरा बघायचा असतो, किंवा इंजिन नुकतंच बांधलंय आणि पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दोन-तीनदा तपासायचं आहे. यातलं काही लागू नसेल तर पुढचा भाग न वाचता थेट कागदी फिल्टरवर जा.

घेण्याआधी काय तपासायचं

वॉरंटीतल्या गाडीला बसवू नका. इंजिनाचा दावा आला की कंपनी आधी तेल आणि फिल्टर कोणता होता ते विचारते.

सर्वांत घातक चूक होते ती आट्यांत. अनेक फिल्टरचे आटे २० मिमी व्यासाचे, १.५ मिमी पिचचे असतात. दुसरा प्रचलित प्रकार पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. त्यामुळे २० मिमीचा फिल्टर पाऊण इंची बोल्टवर ढिला चढतो, हाताला घट्ट बसल्यासारखाही वाटतो, आणि घाटात फेऱ्या वाढून दाब वर गेला की सटकतो. दोन-तीन मिनिटांत इंजिनच्या तळाचा तेलाचा चेंबर रिकामा. म्हणून विक्रेत्याच्या 'सगळ्या गाड्यांना बसतो' या शब्दावर न जाता जुना फिल्टर सोबत न्या. आटे, रबर सीलचा बाहेरचा व्यास आणि उंची तिन्ही जुळवा.

बायपास व्हॉल्व्ह तुमच्या गाडीत फिल्टरमध्ये आहे की इंजिनच्या ब्लॉकमध्ये, ते मॅन्युअलमध्ये किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. ब्लॉकमध्ये नसेल तर बायपास नसलेला फिल्टर चालणार नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्हही लागतो. तो नसेल तर रात्रभरात तेल खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद वरून कडकड आवाज येतो.

ओ-रिंग व्हायटॉनच्या (उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराच्या) आहेत का आणि त्यांचं माप लिहून दिलंय का, हेही बघा. माप माहीत असेल तर रत्नागिरी, चिपळूण किंवा कोल्हापूरच्या हायड्रॉलिक सीलच्या दुकानात त्या मिळतात. माप माहीत नसेल तर दहा रुपयांच्या रिंगसाठी पंधरा हजारांचा फिल्टर पडून राहील. काही फिल्टरांत चुंबक असतो. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर ताकद गमावू लागतो आणि इंजिनचं तेल १०० च्या पुढे जातं. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

धुण्याची पद्धत

लागणाऱ्या वस्तू: रुंद तोंडाच्या तीन बरण्या, दीड लिटर मिनरल टर्पेंटाइन (रंगाच्या दुकानात मिळतं, रेशनचं रॉकेल आता मिळणं कठीण), मऊ नायलॉनचा ब्रश, पांढरं सुती फडकं, नायट्राइल हातमोजे, चष्मा, फिल्टरच्या मधल्या भोकात बसेल असं बूच, नवी ओ-रिंग. पेट्रोल वापरू नका. ते क्षणात पेटतं आणि रबर फुगवतं. चूल, बंब, देवघरातला दिवा, सगळ्यांपासून लांब, उघड्या हवेत बसा.

गाडी दहा मिनिटं चालवून तेल कोमट करा, बंद करून आणखी दहा-पंधरा मिनिटं थांबा. हँडब्रेक, चाकांना दगड, आणि जॅकवर नव्हे तर स्टँडवर गाडी. चेंबरचा नट काढून तेल उतरवा, मग फिल्टरचा डबा. डबा काढल्यावर लगेच इंजिनच्या बाजूचा पृष्ठभाग बोटाने फिरवून बघा: जुनी रबर रिंग तिथेच चिकटून राहिली असेल आणि त्यावर नवी चढवली, तर दोन रिंगांमधून तेल फवाऱ्यासारखं उडतं. ही चूक कागदी फिल्टर बदलतानाही होते आणि सर्वांत जास्त तीच होते.

जाळी धुण्याआधी तिच्याकडे नीट बघा. बाहेरच्या बाजूने थोडं टर्पेंटाइन ओतून ते पांढऱ्या फडक्यावर झेला. काळा लगदा म्हणजे काजळी, तो नेहमीचाच. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा, तांबूस किंवा चंदेरी न चिकटणारे पापुद्रे बेअरिंगचे. थोडी चमकदार धूळ दिसली तर घाबरू नका, पण नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले तर फिल्टर धुण्याचा विचार सोडून चेंबर उतरवायला सांगा.

आता मधलं भोक बुचाने बंद करा. तेल बाहेरून आत जातं, म्हणजे मळ बाहेरच्या बाजूला आहे आणि आतली बाजू स्वच्छ राहिली पाहिजे. बूच न लावता जाळी बुडवली तर घाण आत शिरते आणि फिल्टर परत बसवल्यावर ती थेट बेअरिंगकडे जाते. कागदी फिल्टरमध्ये ही शक्यताच नसते. प्रत्येक बरणीत अर्धा लिटर टर्पेंटाइन घ्या. पहिल्या बरणीत दहा मिनिटं भिजवा, चुण्यांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने ब्रश फिरवा. तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची घासणी लावली की जाळीचे धागे सरकतात, आणि ३० मायक्रॉनचं भोक १०० मायक्रॉनचं झालं तरी डोळ्याला दिसत नाही. दुसऱ्या बरणीत हेच परत करा. मग बूच काढा आणि तिसऱ्या बरणीतलं स्वच्छ टर्पेंटाइन आतून बाहेर ओता. खाली फडकं धरा. फडक्यावर ठिपका पडेनासा होईपर्यंत ओतत राहा.

पुढच्या धुण्याला तिसरी बरणी पहिली होईल. पहिलीतलं वेगळं काढायचं, त्याचं काय करायचं ते शेवटी.

हवा मारायची असेल तर आतून बाहेर, वीतभर अंतरावरून आणि २ बारपेक्षा कमी दाबाने. गॅरेजच्या कंप्रेसरमध्ये ८ ते १० बार असतात. थेट नोझल लावलं तर जाळी टोकाच्या झाकणापासून सुटते. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, म्हणून आधी खालची तोटी उघडून ते काढा, नाहीतर वाळवण्याच्या नावाखाली जाळीत पाणी माराल. साबणाच्या पाण्याने धुऊ नका. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ असतं, ते वाळल्यावर मीठ जाळीवरच राहतं. उन्हाळ्यात सावलीत तीन-चार तास पुरतात. जुलैत पंख्याखाली अख्खा दिवस ठेवा. टर्पेंटाइनचा वास असेपर्यंत ओव्हन किंवा हेअर ड्रायर अजिबात नको.

वाळल्यावर आत टॉर्च घालून अंधाऱ्या खोलीत बघा. प्रत्येक चुणीतून सारखा उजेड यायला हवा. काळा पट्टा म्हणजे मळ राहिला, ठळक ठिपका म्हणजे भोक. त्याहून पक्की चाचणी बुडबुड्यांची: जाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आतून अगदी हलकी हवा सोडा. शाबूत जाळीतून बुडबुडे सगळीकडून जवळपास एकदम सुटू लागतात. एकाच जागेवरून, विशेषतः झाकणाच्या जोडापाशी, आधीच माळ सुटली तर तो फिल्टर भंगारात. तो डाग देऊन दुरुस्त करता येत नाही.

बायपास व्हॉल्व्ह लाकडी काडीने दाबून सोडा. तो न अडकता परत यायला हवा. एक खडा अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिला तर तेल न गाळताच फिरत राहतं आणि गाडीत त्याची काहीच खूण दिसत नाही. ओ-रिंगला नवं तेल लावा, डबा हाताने चढवा आणि उत्पादकाने दिलेल्या टॉर्कलाच आवळा. फिल्टर उभा, तोंड वर असेल तर अर्धा तेलाने भरून घ्या.

स्टार्ट केल्यावर ऑइलचा लाल दिवा तीन-चार सेकंदांत विझायला हवा, नाहीतर लगेच बंद. दोन मिनिटं संथ चालू द्या, जोडांवरून कोरडं फडकं फिरवा, बंद करून पाच मिनिटांनी ऑइल गेजवर तेलाची पातळी बघा. शंभर किलोमीटरनंतर एकदा परत.

कोकणात आणखी काय बिघडतं

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा डबा आणि पोलादी बोल्ट एकमेकांना चिकटून पांढरी पूड धरतात. डब्यावर दगडाचा ओरखडा उठला की ॲनोडायझिंगचा संरक्षक थर जातो आणि तिथूनच गंज सुरू होतो. आट्यांवर तेलाचा पातळ हात राहू द्या, वाळूच्या रस्त्यावरून आल्यावर तळ गोड्या पाण्याने धुवा. गंजण्यातून कागदी फिल्टरचा पत्र्याचा डबाही सुटत नाही. किलोमीटर कमी झाले म्हणून तीन वर्षं तोच ठेवणं किनाऱ्यावर बरं नाही. वर्षाला बदला.

इंजिनात पुराचं पाणी गेलं असेल, जसं २२ जुलै २०२१ ला चिपळुणात असंख्य गाड्यांचं झालं, तर जाळीचा फिल्टर बाजूला ठेवा. गाडी स्टार्ट करू नका. गेजवर तेल दुधाळ दिसत असेल तर ते उतरवा, स्वस्त कागदी फिल्टर आणि नवं तेल टाका, सिलिंडरमध्ये पाणी नाही याची मेस्त्रीकडून खात्री झाल्यावर दहा मिनिटं संथ चालवा, परत सगळं उतरवा. तेल स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा हे करावं लागतं. पुराचा गाळ इतका बारीक असतो की जाळी तो अडवत नाही. (पावसाळ्यात तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसणं वेगळं. बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत बाष्प थंडावून तो बनतो, लांबची फेरी झाली की जातो.)

धुळीचा मुद्दा तेलाच्या फिल्टरचा कमी आणि हवेच्या फिल्टरचा जास्त आहे. चिऱ्यांच्या खाणीच्या रस्त्यावर ऑक्टोबर ते मे जी तांबडी धूळ उडते, ती इंजिनात हवेच्या वाटेने शिरते. पंधरा हजारांतले पाचशे रुपये वेळेवर एअर फिल्टर बदलण्यात घातले आणि त्याच्या डब्याच्या क्लिपा व रबर नीट बसतात का ते पाहिलं, तर जाळीने होणार नाही इतकी झीज वाचेल.

कागदी फिल्टर हुशारीने वापरा

तीन-चार एकदम घेऊन ठेवा, पण वरचं प्लास्टिक न फाडता, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दमट हवेत कागद ओल धरतो आणि आटे गंजतात. नकली माल बाजारात भरपूर आहे. छपाई, एमआरपीचं लेबल आणि पार्ट नंबर जुन्याशी ताडून बघा आणि पक्कं बिल घ्या.

धातूचा चुरा बघण्यासाठी जाळीच हवी असंही नाही. जुना कागदी फिल्टर फिल्टर कटरने कापा. हॅक्सॉने कापू नका, करवतीचाच कीस कागदात पडतो आणि इंजिन गेलं म्हणून उगाच घाबरगुंडी उडते. ब्लेडने कागद कापून काढा, व्हाइसमध्ये पिळा, उन्हात पसरा आणि चुंबक फिरवा. बसवताना रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरी पुरते. पाना फक्त काढण्यासाठी.

मळकं टर्पेंटाइन आणि तेल

२०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. आपल्याकडे नियमापेक्षा मोठं कारण पायाखाली आहे: जांभा सच्छिद्र असतो, सड्यावर ओतलेलं तेल झिरपत खालच्या विहिरीत किंवा पऱ्ह्यात उतरतं. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची पद्धतही सोडायला हवी, पहिल्या पावसात ते वाफ्यात जातं. तेल बंद कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्शुद्धीकरणवाल्याला माल देणाऱ्या गॅरेजात किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. टर्पेंटाइन वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, तेलात मिसळलं तर तेल घ्यायला ते नकार देतात. आठवडाभर कॅन हलवला नाही तर गाळ तळाशी बसतो आणि वरचं टर्पेंटाइन पुढच्या वेळी पहिल्या बरणीत भर घालायला चालतं. कागदी फिल्टर टाकण्याआधी तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवा, त्यातून वाटीभर तेल निघतं.